चटईक्षेत्राचा हिशेब

मुंबईने दाटीचा धसका घेतला तो 1896 च्या प्लेगात. दोन वर्षांनी आलेल्या सुधारणा ट्रस्टने खोलीत उजेड-वारा यावा म्हणून समोरच्या इमारतीच्या उंचीला साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाची मर्यादा घातली. हेतू रास्तच होता. 1964 च्या विकास आराखड्यापासून मात्र चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते, मोजले जाऊ लागले; पुढे तो ठरला शहरात 1.33, उपनगरांत 1. गफलत झाली ती इथे. नियमाने बांधकाम अडवले, माणसे नव्हे; ती बीडीडी चाळीच्या 160 चौरस फुटांत, गॅलरीत पथारी टाकून राहिली, नाहीतर झोपडपट्टीत गेली.

दोष भाडेनियंत्रणाचा, असे म्हणतात. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठली, भाड्याच्या चाळी बांधणे थांबले, पागडी फोफावली, हे खरेच. पण विक्रीच्या फ्लॅटची टंचाई त्याने उलगडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : 1991 नंतर टीडीआर, म्हणजे विकासहक्काचे हस्तांतरण, आला, निर्देशांक वाढला, तरी घरे स्वस्त कुठे झाली? कारण वाढीव चटईक्षेत्र सरसकट मिळालेच नाही. ते योजनेगणिक, सवलत म्हणून, पुढे प्रीमियम भरून मिळत गेले, आणि जमिनीच्या भावात आधीच धरले गेले. राहिला पाण्या-गटारांवरचा ताण. तो पडतो माणसांमुळे, आणि माणसे 1.33 च्या आकड्याला विचारून आली नव्हती.