निमे पाचशे, त्याचे दुप्पट

गेल्या हंगामातल्या कापसाच्या चुकाऱ्यातले थोडे पैसे भाच्याने क्रिप्टोत घातले. ‘मामा, आता बघत बसावं लागत नाही, एआय एजंटच खरेदी-विक्री करतो,’ तो म्हणाला. मी विचारले, ‘सही कोणाची?’ ‘त्याचीच. चावी दिली आहे त्याला.’

देवळीत बसून मी स्वतःच मोडी शिकलो, ते जुने व्यापारी कागद वाचण्यासाठी. त्यात हुंडीने मला चकित केले. तिच्यात रकमेचा नुसता आकडा पुरत नसे. ‘रुपये १०००, निमे पाचशे, त्याचे दुप्पट’ अशा धर्तीवर तो पुन्हा मांडला जाई, म्हणजे मागाहून एक शून्य वाढवून भागत नसे. पैसे देणाऱ्या पेढीला वेगळ्या पत्रानेही कळवत. शाहजोग हुंडी असेल, तर ती घेऊन येणारा पत असलेला सावकार आहे ना, याची खात्री पेढीने करायची. एकाच कागदाच्या भरवशावर पैसा हलत नसे.

माणसाची सही ठेवली की काम झाले, असे मात्र नाही. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो-बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले. त्या तिजोरीला अनेकांच्या सह्या लागत, आणि त्या झाल्याही. कंपनीच्या म्हणण्यानुसार, पडद्यावर दिसलेला व्यवहार एक होता आणि सही झाली ती दुसऱ्यावरच. जानेवारी २०२५मध्ये अमेरिका व दक्षिण कोरियाने या चोरीचा ठपका उत्तर कोरियाच्या हॅकरांवर ठेवला.

न वाचता केलेली सही म्हणजे देखरेख नव्हे. सही करणाऱ्याला खरा व्यवहार दुसऱ्या वाटेने तपासता आला पाहिजे. हुंडीतले ‘निमे’ आणि वेगळे पत्र त्यासाठीच होते. क्रिप्टोत तर ते अधिकच हवे, कारण चुकून गेलेली रक्कम परत मागायला तिथे पेढी नसते.

शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असा शिक्का असे. मजकूर इथे संपला, पुढे कोणी काही घुसडायचे नाही, हा त्याचा उपयोग. एजंटलाही अशीच सीमा हवी.

भाच्याने चावी बदलली. एजंटकडे आता बुडाली तरी चालेल एवढीच रक्कम, वेगळ्या खात्यात. बाकीचा व्यवहार तो फक्त मांडतो. रक्कम आणि पत्ता भाचा दुसऱ्या यंत्रावर वाचतो, मगच सही करतो. परवा त्याने एक व्यवहार थांबवला. चूक होती का, हे अजून ठरले नाही. पण त्याने तो वाचला होता.