शिक्का आणि घडी

मतदान यंत्राची कळ दाबण्याची सवय आपल्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ झाली. २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रावरच पार पडली. तरीही आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी मत देऊन आली की ‘शिक्का मारून आलो’ असेच म्हणतात. यंत्राने हा शब्दप्रयोग पुसला नाही. तेलंगणातील ग्रामपंचायतींच्या २०१९ च्या निवडणुकीत आणि बृहत् हैदराबाद महानगरपालिकेच्या २०२० च्या निवडणुकीत तर तो पुन्हा अक्षरशः खरा ठरला. त्या निमित्ताने या शिक्क्याची कथा सांगावी असे आम्हांस वाटते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शिक्का नव्हताच, हे आज फार थोड्यांच्या स्मरणात असेल. १९५१-५२ मध्ये पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे मोठा प्रश्न होता, तो निरक्षर मतदारांचा. त्यावर तोडगा निघाला तो असा : प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, आणि पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आडोशामागे जाऊन, काहीही न लिहिता, हवी त्या पेटीत कोरी मतपत्रिका टाकायची. त्यासाठी लाखो पोलादी पेट्या लागल्या. त्यांतील पुष्कळशा मुंबईच्या विक्रोळीत घडल्या. पद्धत सोपी खरी, पण आडोशामागे मतदार आणि सगळ्या पेट्या एकट्याच असत. मतपत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणली आणि दुसऱ्या कोणास दिली, तरी कळण्यास मार्ग नसे. १९५७ मध्येही हीच पद्धत होती. १९६० नंतर हळूहळू बदल होऊन १९६२ च्या निवडणुकीत सर्व उमेदवार एका कागदावर आले, पेटी एक झाली आणि ती अधिकाऱ्यांच्या नजरेसमोर ठेवण्यात आली. मतदाराच्या हाती शिक्का आला तो तेव्हा.

हा शिक्का म्हणजे साधी फुली नव्हे. तिची चारही टोके स्वस्तिकाप्रमाणे एकाच दिशेने वळलेली असतात, आणि त्यामागे पक्का विचार आहे. ओल्या शाईची मतपत्रिका घडी केली की शिक्क्याचे प्रतिबिंब समोरच्या भागावर उमटते. साधी फुली उलटली तरी फुलीच दिसेल. ही मात्र उलटी वळलेली दिसते. त्यामुळे मूळ ठसा कोणता आणि डाग कोणता, हे मोजणाऱ्यास तत्काळ कळते. घडीचेही तसेच. मतपत्रिका आधी उभी आणि मग आडवी दुमडतात. उभ्या घडीत शाई उमटली तरी ती त्याच उमेदवाराच्या रकान्यात उमटते. म्हणून मतदान अधिकारी मतपत्रिका हाती देण्यापूर्वी ती घडी घालून दाखवतो. नवख्या मतदाराला हा निष्कारण सोपस्कार वाटतो. वस्तुतः ती त्याच्याच मताची राखण असते.

आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या येथे राहूनही घरात देवनागरीच वाचणाऱ्या कुटुंबांना या व्यवस्थेतील चिन्हांचे मोल अधिक. तेलंगणातील ग्रामपंचायतीच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचे नावच नसते, केवळ चिन्हे असतात. नावे तेलुगू वर्णक्रमाने लावून त्याच क्रमाने चिन्हे वाटली जातात. सरपंचासाठी गुलाबी आणि प्रभाग सदस्यासाठी पांढरी, अशा दोन मतपत्रिका हाती येतात. डाव्या तर्जनीवर शाई, स्थळप्रतीवर सही अथवा अंगठा, मग आडोसा, शिक्का, घडी आणि पेटी. दुपारी एकला मतदान संपते आणि जेवणानंतर मोजणी सुरू होते. पंचवीस पंचवीसांचे गठ्ठे बांधले जातात आणि संध्याकाळपर्यंत गावाला आपला सरपंच कळतो.

सेवेत असताना अशा मोजण्या आम्ही पाहिल्या, केल्याही. एका गावची एक मतपत्रिका अजून डोळ्यांपुढून हलत नाही. चिन्हाच्या अगदी मधोमध, जपून उमटवलेला अंगठा. स्थळप्रतीवर अंगठा घेतला गेला होता, तेव्हा येथेही अंगठाच द्यायचा असा त्या मतदाराचा समज झाला असावा. मनोगत स्वच्छ होते. पण अंगठ्यावरून मतदार ओळखता येतो, म्हणून नियमाने ते मत बाद. आम्ही बादच्या गठ्ठ्यात ते ठेवले. निर्णय योग्य होता, तरी त्या मतदारास दोन वाक्ये नीट समजावून सांगितली असती तर, ही रुखरुख राहिलीच.

ती रुखरुख १ डिसेंबर २०२० च्या महानगरपालिका निवडणुकीने पुन्हा जागी केली. कोरोनाच्या काळात दीडशे प्रभागांत मतपत्रिकेवर मतदान झाले. जुन्या मलकपेटेत एका पक्षाच्या चिन्हाऐवजी दुसऱ्याचे चिन्ह छापले गेले. मतदान रद्द होऊन ३ तारखेस पुन्हा घ्यावे लागले. नेरेडमेटमध्ये तर काही मतदारांना फुलीऐवजी केंद्राचा ओळखशिक्काच हाती दिला गेला. मोजणीच्या आदल्या रात्री राज्य निवडणूक आयोगाने असा वेगळा ठसाही ग्राह्य धरण्याचे परिपत्रक काढले. ४ तारखेस उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. तेथे वादग्रस्त मते आघाडीहून अधिक भरल्याने निकाल थांबला आणि न्यायालयाच्या पुढील आदेशानंतर काही दिवसांनी लागला.

दोन्ही प्रसंगी नियम एकच, पण दोष सारखा नाही. अंगठा देणाऱ्याची चूक अज्ञानातून झाली; नेरेडमेटच्या मतदाराने तर जे हाती दिले तेच वापरले. चुकीची वस्तू देणारा हात सरकारी होता, आणि आयुष्यभर त्याच हातांपैकी एक असल्याने ती लाज आम्ही आमच्याकडेही घेतो. कागदाच्या मताचा मोठा गुण असा, की चूक लपत नाही. ती वर्षानुवर्षे पेटीत आणि दप्तरात दिसत राहते. मात्र ती दिसते ती मत पडून गेल्यावर.

म्हणून आमच्या वाचकांना, विशेषतः प्रथमच कागदावर मत देणाऱ्या नातवंडांना, एवढेच सांगणे. शिक्का हाती आल्यावर आडोशामागे जाण्यापूर्वी तो पालथा करून पाहा. वळलेली फुली नसेल तर तेथेच, मोठ्याने विचारा. विचारणारा मतदार अधिकाऱ्यास त्रासदायक वाटतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. पण संध्याकाळी गठ्ठे बांधताना त्याचेच मत निर्वेध निघते.