चालीवरून चाल: पदरचनेच्या एका शिक्षणाची कुळकथा

मराठी संगीत नाटकांच्या जुन्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग आणि ताल यांच्या जोडीने ‘चाल’ असे लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या गीताचे आरंभीचे शब्द दिलेले असतात; म्हणजे नवे पद ज्या आधीच्या रचनेवर बेतले, तिचे नाव उघडपणे सांगितलेले असते. आजच्या वाचकाला ही उसनवारीची कबुली वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ती गाणाऱ्या नटाची सोय होती, कारण स्वरलेखन सर्रास रुळण्यापूर्वी सुरावट कागदावरून कळवण्याचा याहून सोपा मार्ग नव्हता. याच सोयीतून पद ‘बांधण्याचे’, म्हणजे शब्द, सूर आणि ताल यांची एकजीव रचना करण्याचे, एक अलिखित शिक्षण उभे राहिले आणि त्याचा एक धागा इंदूरमधून जातो.

या प्रथेचे मूळ कीर्तनात आणि आख्यानात सापडते. साकी, दिंडी, कामदा यांसारख्या छंदांना म्हणण्याच्या चाली ठरलेल्या असत, त्यामुळे कवीने छंद निवडला की चालही आपोआप ठरे. पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ आणि 1882 मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांनी हाच साठा वापरला आणि त्यात लावणीच्या व कर्नाटकी वळणाच्या चालींची भर घातली. पदे त्यांची, चाली बहुतेक इतरांच्या, असा हा व्यवहार होता. तरीही कोणत्या प्रसंगाला कोणती चाल शोभेल, ही त्यांची निवड रचनाकाराचीच म्हणावी लागते.

किर्लोस्कर मंडळी गावोगाव मुक्काम करीत असे आणि होळकरांचे इंदूर हे तिच्या मुक्कामांपैकी एक होते. पखवाजवादक नाना पानसे यांच्यामुळे या दरबाराचे नाव वादकांत आधीच झालेले होते. मंडळीत बालनट असलेल्या भास्कर बखले यांचे गाणे इंदूरमध्ये बीनकार बंदे अली खाँ यांच्या कानी पडले आणि त्यांनी या मुलाला शिष्य करून घेतले. पुढे आवाज फुटल्यावर मंडळी सोडून बखले यांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे तालीम घेतली, आणि अनेक घराण्यांच्या बंदिशींचा हा संग्रह भास्करबुवांच्या हातून 1916 मध्ये नाटककार खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकात उतरला. यापूर्वी 1911 च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी, दादरा, गझल अशा पूरब अंगाच्या चाली आणल्या होत्या; भास्करबुवांनी यमन, बिहाग, भीमपलास अशा रागांतील ख्यालगायकी थेट नाट्यपदात आणली.

या कामातील अडचण जवळून पाहिली, तर अनुकरणाने रचना कशी शिकवली हे कळते. ख्यालाची बंदिश लहान असते: चार-सहा ओळी, त्यांतील पहिला भाग स्थायी आणि तार षड्जाकडे झेपावणारा दुसरा भाग अंतरा. तिचा मुखडा, म्हणजे समेवर आणून सोडणारा आरंभीचा तुकडा, समजा तीनतालाच्या नवव्या मात्रेवर उठत असेल, तर नव्या मराठी ओळीचे वजनदार अक्षर नेमके सोळा मात्रांच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर पडले पाहिजे. ब्रज भाषेत अक्षर ताणायला मोकळे स्वर भरपूर मिळतात. मराठीत जोडाक्षरे आडवी येतात, आणि नाटकात अर्थ प्रेक्षकाला त्याच क्षणी पोचावा लागतो. म्हणून कुठे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, आखडती घ्यावी लागते, कुठे एक स्वर दोन अक्षरांत वाटावा लागतो, तर कुठे उठावच बदलावा लागतो. मूळ रचना जिथे नव्या शब्दांना जागा देत नाही, तिथे शिकणाऱ्याला स्वतःचा निर्णय घ्यावा लागतो, आणि या पद्धतीचे सारे शिक्षण त्या अडलेल्या जागांत साठलेले आहे. भास्करबुवांचे शिष्य मास्तर कृष्णराव याच तालमीतून तयार झाले आणि 1926 च्या ‘मेनका’पासून पुढे नाटकांना व चित्रपटांना स्वतः चाली देऊ लागले.

तालवाद्यांत हीच रीत ‘जोडा’ या नावाने अधिक काटेकोर झाली. गत, म्हणजे ठरावीक मात्रांत बसवलेली आणि विस्तार न करता जशीच्या तशी वाजवायची रचना, एका उस्तादाने केली की दुसरा तिची लांबी, तिचे खंड आणि तिची वळणे कायम ठेवून वेगळ्या बोलांची जुळी गत बांधतो. तबल्याच्या फर्रुखाबाद घराण्यातील हाजी विलायत अली खाँ यांच्या गतींना सलारी खाँ यांनी केलेले जोडे प्रसिद्ध आहेत. होळकर दरबारातील तबलावादक जहाँगीर खाँ यांनी दिल्ली, लखनौ, बरेली अशा ठिकाणच्या उस्तादांची विद्या इंदूरला आणली आणि त्यांच्या मराठी शिष्यवर्गाला या बंदिशींचा संग्रह मिळाला.

ज्या गायकीला ‘इंदूर घराणे’ म्हणतात, तिचा मार्ग मात्र वेगळा आहे. गायक अमीर खाँ यांनी मेरुखंडाचा, म्हणजे स्वरांचे क्रम हिशेबाने उलटेपालटे करण्याचा, आधार घेतला. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त ही रीत सांगितली असून सात स्वरांचे तिने 5040 क्रम होतात. येथे कोणाच्याही रचनेची नक्कल करावी लागत नाही. तरीही अब्दुल वहीद खाँ यांच्या अतिविलंबित लयीचा ठसा अमीर खाँ यांच्या गाण्यावर स्पष्ट आहे, यावरून केवळ गणिताने गाणे होत नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

इंदूरपासून जवळच असलेल्या देवासला 1948 मध्ये क्षयाच्या उपचारासाठी आलेल्या गायक कुमार गंधर्वांनी चालीवरून पद बांधण्याच्या पद्धतीची दिशाच उलटवली. बालपणी ते थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत, म्हणजे नकलेची सिद्धी त्यांना आधीपासूनच होती. परंतु माळव्यातील स्त्रियांच्या, मोजक्या स्वरांत फिरणाऱ्या लोकगीतांपुढे त्यांनी नवे शब्द बसवण्याचा जुना उद्योग केला नाही. त्यांनी त्या धुनांतून स्वरांची चालचलणूक वेगळी काढून तिचा रागाएवढा विस्तार केला आणि मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी असे ‘धुनउगम’ राग व त्यांतील स्वतःच्या बंदिशी सिद्ध केल्या. त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा संग्रह 1965 मध्ये प्रसिद्ध झाला.