कृत्तिका आणि सुबारू

यवतमाळच्या काळ्या जमिनीत कापूस लावणारा शेतकरी रोहिणी-मृगाची वाट पाहतो. त्यांच्या आधीचे नक्षत्र कृत्तिका. याच तारकापुंजाला जपानी भाषेत ‘सुबारू’ म्हणतात. शब्दाचा अर्थ, एकत्र येणे. सुमारे हजार वर्षांपूर्वी सेई शोनागोन या लेखिकेने ‘माकुरा नो सोशी’त ताऱ्यांमध्ये पहिला मान सुबारूला दिला.

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर नाकाजिमा ही विमाने बांधणारी कंपनी तुकड्यांत विभागली गेली. १९५३ साली त्यांतल्या पाच कंपन्या पुन्हा जुळल्या आणि त्यांच्या मोटारीला हे नाव मिळाले. तिच्या चिन्हात एक मोठा तारा व पाच लहान. आपल्याकडेही कृत्तिका सहाच मानल्या आहेत : कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा माता.

ईशान्य जपानातील वीज कंपनीला बर्फाळ डोंगरांतून जाणारी मोटार हवी होती. त्या गरजेतून इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटून देणारी ‘लिओने’ १९७२ मध्ये बाजारात आली. सुबारूचे आकर्षण वेगाहून अधिक या वाटून घेण्यात आहे. आषाढात रुतलेल्या गाडीला शेजारची बैलजोडी जुंपणाऱ्या यवतमाळकराला ते समजावून सांगावे लागणार नाही.