नव्या घराची चूल आणि ओटा

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे भोसरी, मोशी आणि मग इंद्रायणी ओलांडल्यावर चाकण लागतें. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें जेथें शाएस्ताखानाचा वेढा झुंजविला, तें हें गांव पुढें कांद्याच्या बाजारासाठीं व आतां मोटारींच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. अलीकडे पिंपरींत १९५४ सालीं औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ निघालें आणि माळरानावर कारखान्यांच्या रांगा लागल्या. कारखान्यांमागून घरें आलीं. आज रावेत, चिखली, मोशी या बाजूस कोठें ना कोठें रोज नवें स्वयंपाकघर मांडलें जात असतें. तें मांडणाऱ्या कुटुंबास एक प्रश्न पडूं लागला आहे: सृष्टीला कमींत कमी उपद्रव होईल अशीं उपकरणें कोणतीं, आणि ओटा कोणत्या दगडाचा करावा? प्रश्न नवा आहे; परंतु त्याचें उत्तर देण्यास शंभर वर्षांचा इतिहास फार उपयोगी पडतो.

जुन्या घरांत चूल जमिनीवर असे. लांकडें व गोंवऱ्या जळत, आणि उष्णतेचा मोठा भाग भांड्याबाहेरून निघून जाई. धूर मात्र घरांतच राही. तो बायकांच्या डोळ्यांत व छातींत जाई. या धुराचा विचार वर्ध्यास झाला. १९३४ सालीं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचें ठाणें असलेल्या मगनवाडींतून ‘मगन चूल’ पुढें आली. चूल बंदिस्त करावयाची, ज्वाळा एका भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखालीं न्यावयाची आणि उरलेला धूर धुराड्यानें बाहेर सोडावयाचा, अशी तिची रचना होती. इंधन वाचविणें व आरोग्य राखणें हीं दोन्हीं कामें एकच आहेत, हें त्या चुलीनें दाखविलें.

पुढें रॉकेलचा स्टोव्ह आला. १९५५ सालीं मुंबईंत बर्मा शेल कंपनीनें नळकांड्यांतून गॅस विकण्यास आरंभ केला, आणि पिंपरी-चिंचवडकडे तर २००६ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीच्या नळानें गॅस घरांत येऊं लागला. धूर गेला, काजळी गेली. तरीही हा गॅस भूगर्भांतलाच. एकदां जळला कीं संपला, आणि जळतांना हवेंत कर्बवायूची भर घालून गेला.

मग विजेची शेगडी घ्यावी काय? चुंबकीय शेगडींत उष्णता थेट भांड्याच्या बुडांत निर्माण होते, म्हणून ती फारशी वाया जात नाहीं. परंतु वीज कोठून येते, हेंही पाहिलें पाहिजे. १९१५ सालीं खोपोलीस टाटांची जलविद्युत् सुरू झाली, तेव्हां मुंबईच्या गिरण्यांचा कोळसा वांचला. त्याच योजनांच्या ओघांत मुळशीचें धरण ठरलें, आणि १९२१ सालीं आपल्या जमिनी वांचविण्यासाठीं मावळे सत्याग्रहास उभे राहिले. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. सत्याग्रह हरला. धरण झालें, गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि १९२७ सालीं भिरा येथें वीज निघूं लागली. ज्या विजेस धूर नव्हता, तिचीही किंमत कोणी तरी दिली होती. आज महाराष्ट्रांतील विजेचा मोठा भाग कोळशापासून होतो. स्वयंपाकघरांतला धूर नाहींसा झाला, असें नव्हे. तो कोराडी-चंद्रपुराकडे गेला इतकेंच. घराच्या छतावर सूर्यशक्तीचे पत्रे असतील, तर मात्र विजेच्या शेगडीचें पारडें जड होतें.

नळाच्या पाण्याचीही हीच कथा आहे. पवनेचें पाणी बंद नळानें पिंपरी-चिंचवडला आणण्यास मावळांतील शेतकऱ्यांनीं विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें गोळीबार झाला आणि तिघांचे प्राण गेले. भांडीं घासतांना नळ मोकळा सोडणाऱ्यानें एवढें तरी ध्यानांत ठेवावें.

शीतपेटीचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. १९२८ सालीं टॉमस मिजली या अमेरिकन संशोधकानें न जळणारा व विषारी नसणारा वायु शीतपेटीसाठीं शोधला. जगानें त्यास निर्दोष मानलें. अर्धशतकाच्या आंतच कळून आलें कीं, हा वायु आकाशांतील ओझोनचें छत्र विरवितो. १९८७ सालीं माँट्रियल येथें राष्ट्रांनीं करार केला, १९९२ सालीं भारत त्यांत सामील झाला, आणि २०१० पासून या वायूचें उत्पादन बंद झालें. आतां पुष्कळ घरगुती शीतपेट्यांत आयसोब्यूटेन असतो. विजेच्या काटकसरीचे तारे लावण्याची सरकारी पद्धत २००६ सालीं सुरू झाली. तारे अवश्य मोजावे. पण गरजेपेक्षां मोठी पेटी घेतली, तर ताऱ्यांनीं वांचविलेलें आकारानें खर्च होतें.

राहिला ओटा. उभ्यानें स्वयंपाक सुरू झाला तसा कडप्याचा काळा दगड घरोघर आला. तो चुनखडीच्या जातीचा. लिंबूकोकमाचे डाग धरतो, पण फारशी घडाई मागत नाहीं आणि पिढीभर टिकतो. ग्रॅनाइट त्याहून कठीण. डागांस फारसा दाद देत नाहीं, मात्र त्यास कापण्यास व झिलईस वीज अधिक लागते. हल्लीं गारेची पूड राळेंत बसवून केलेल्या कृत्रिम दगडाचा बोलबाला आहे. तो दिसावयास सुंदर; परंतु कापतांना उडणारी बारीक धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत बसते व तीं दगडासारखीं कठीण होतात. याच कारणास्तव ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२४ पासून असल्या ओट्यांस बंदी केली. घरांतल्या बाईची छाती धुरापासून सोडवावयाची आणि कारागिराची धुळीनें भरावयाची, यांत सुधारणा कोणती?

पुण्यांत १९९६ सालीं डॉ. आनंद कर्वे यांनीं ‘आरती’ ही संस्था स्थापिली. खरकटें व नासलेलें पीठ यांपासून घरच्याघरीं गॅस करणारें तिचें छोटें संयंत्र २००६ सालीं लंडनच्या ॲश्डेन पारितोषिकास पात्र ठरलें. टाकाऊ म्हणून उकिरड्यावर जाणारें अन्नच येथें इंधन झालें.

या साऱ्या इतिहासाचें सार थोडक्यांत असें कीं, कोणतेंही उपकरण सर्वस्वीं निर्दोष नसतें. त्याची झळ कोणास लागते, एवढेंच काळाप्रमाणें बदलतें. म्हणून नव्या घरांत प्रथम थोडें घ्यावें, टिकाऊ घ्यावें, आणि चालू स्थितींत असलेलें जुनें केवळ शोभेसाठीं टाकूं नये. डाळ आधीं भिजवून, झांकण घालून शिजविणें यास एक पैचाही खर्च नाहीं. आणि त्याची झळ मुळशीस, मावळास किंवा दगड कापणाऱ्या कारागिरास लागत नाहीं.