धाव, पळ आणि दुडकी

'पळणे' आणि 'धावणे' ही समानार्थी क्रियापदे आहेत असे आपण वर्गात शिकवतो, आणि ते पुरते खरे नाही हे शिकवता शिकवताच जाणवत असते. माणूस पळतो तो कशापासून तरी. धावतो तो कोणाकडे तरी. पळ काढतात, धावा करतात. पळपुटा ही शिवी आहे, आणि अडचणीत उपयोगी पडणारा माणूस धावून येतो. काही कारण नसताना, नुसते बरे वाटते म्हणून पाय उचलण्याची सोय या दोन्ही क्रियापदांत नाही.

ही भाषिक अडचण मला सत्तेचाळिसाव्या वर्षी आजऱ्यात प्रत्यक्ष भेटली. पहाटे रामतीर्थाच्या रस्त्याने धावत असताना दूध घालायला निघालेल्या एका गृहस्थांनी गाडी थांबवून काळजीने विचारले, "सर, काय झालं? घरी सगळं बरं आहे न्हवं?"

मी तोवर तीनदा सुरुवात केली होती आणि तीनदा सोडून दिले होते. कारण प्रत्येक वेळी एकच. कॉलेजातल्या दिवसांचा वेग अंगात आहे या समजुतीने पहिल्याच आठवड्यात गुडघा धरून बसायचे, आणि मग लाजेने महिनाभर बूट कोपऱ्यात ठेवायचे. चौथ्या खेपेस मी टिकलो. त्याचे श्रेय व्यायामाच्या पुस्तकांपेक्षा जुन्या कागदांना अधिक आहे, असे म्हटले तर विद्यार्थी हसतील; पण तसे झाले खरे.

अठराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहारात जासूद आणि कासीद पानोपानी भेटतात. पत्र पोचवण्याच्या मजुरीला 'अजुरा' म्हणत (आजऱ्याशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह इथे आवरतो). पत्रे अनेकदा एकट्याच्या हाती न देता 'जासूदजोडी'बरोबर रवाना होत. वाटेत एक आजारी पडला, लुटला गेला, तरी दुसऱ्याने पोचावे हा त्यातला व्यवहार. पण आठ-दहा दिवसांच्या वाटेवर सोबतीचे माणूस असणे म्हणजे काय, हे ज्याने एकट्याने पहाटेचे चार किलोमीटर कापले आहेत त्याला वेगळे सांगावे लागत नाही. ही माणसे अखंड धावत असतील असेही समजू नये. रोजच्या रोज अंतर तोडणारा माणूस चाल आणि धाव यांची सरमिसळच करणार.

इंग्रजी अमदानीत डाकेचे हरकारे आले. हाती भाला, त्याला घुंगरे, खांद्यावर थैली. साधारण सहा-आठ मैलांचा टप्पा संपला की थैली पुढच्याच्या खांद्यावर जायची. टप्पा आणि टपाल या शब्दांचे नाते व्युत्पत्तीच्या पंडितांनी ठरवावे. व्यवस्था मात्र सगळी टप्प्यावर उभी होती. एका दिवसाच्या पराक्रमाचा टपालखात्याला उपयोग नव्हता. आज आलेला माणूस उद्याही यायला हवा होता.

स्पर्धेची धाव आपल्याकडे बरीच नंतर आली, आणि तिची कथा मात्र पराक्रमाचीच आहे. 1919 मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकरी मुले पाहून सर दोराबजी टाटांना वाटले की, यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास जातात. त्यांच्या पुढाकाराने 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला जो चमू गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते 19 वे आले. वेळ 2 तास 50 मिनिटे 45 सेकंद. जिंकलेल्या फिनलंडच्या कोलेहमाइनेन यांना 2 तास 32 मिनिटे 35 सेकंद लागले होते. त्यातही ते अंतर आजच्यासारखे 42.195 नव्हे, तर 42.75 किलोमीटर होते. शंभर वर्षांपूर्वी आपल्या सीमाभागातून गेलेल्या या तरुणाचे नाव आज आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? पण माझ्या प्रश्नाला या कथेत उत्तर नाही. विक्रमांच्या इतिहासात धावपटूला चाळिशी येतच नाही.

ती आली न्यूझीलंडमधून. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग यांच्या सुवर्णपदकांमागे असलेले प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी 1962 च्या सुमारास ऑकलंडमध्ये मध्यमवयीनांना, त्यांतल्या कित्येक हृदयरोग्यांना, संथ गतीने धावायला लावले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगनचे नामांकित प्रशिक्षक बिल बोवरमन तिथे गेले. वय एक्कावन्न. इतरांना जगज्जेते करण्याच्या नादात स्वतःचे शरीर सुटलेले. लिडियार्ड यांच्या मंडळींबरोबर टेकडी चढताना त्यांना धाप लागली, आणि सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले एक गृहस्थ त्यांच्या सोबतीला मागे थांबले. त्या अपमानातून (की उपकारातून?) 1967 मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॅरिस यांच्यासह लिहिलेले 'जॉगिंग' हे पुस्तक आले. त्यातली मुख्य अट साधी होती. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे. बोलणे तुटले की वेग जास्त झाला.

हे वाचल्यावर मला जासूदजोडी आठवली, आणि मागोमाग एक शब्दही सापडला. घोड्याच्या आखूड पावलांच्या, न थकवणाऱ्या चालीला मराठीत 'दुडकी' म्हणतात. तीत पळण्यातली भीती नाही आणि धावण्यातली निकडही नाही. जॉगिंगला प्रतिशब्द घडवायला निघालेल्यांनी हा घरातला शब्द आधी का पाहिला नाही, कोण जाणे.

आता आठवड्यातून चार दिवस मी आणि एक निवृत्त शिक्षकमित्र दुडक्या चालीने जातो. सुरुवातीचे दोन महिने आम्ही शंभर पावले धावून शंभर पावले चाललो. घड्याळ मी घरी ठेवतो. बोलणे बहुतेक अभ्यासक्रमावरच्या तक्रारींचे असते, आणि चढावर ते तुटले की आम्ही मुकाट्याने चालू लागतो. जूनपासून आजऱ्याचा पाऊस हिशेबात धरावा लागतो. हिरण्यकेशी फुगली की रामतीर्थाकडे न वळता गावातल्याच रस्त्यावर येरझाऱ्या घालायच्या. अंतर कमी पडले तरी त्या दिवशी घराबाहेर पडणे चुकवायचे नाही, एवढेच ठरवले आहे.

दूधवाले गृहस्थ आता घरची खुशाली विचारत नाहीत. गेली काही वर्षे तालुक्यातील जंगलकाठच्या गावांत हत्तींचा वावर आहे. रात्री कुठल्या शिवारात हत्ती दिसला याची बातमी आम्हाला आधी त्यांच्याकडून मिळते. "सर, आज फुडं नको," असे ते म्हणाले की आम्ही तिथूनच परत फिरतो.