सनद

‘सनद’ मराठीत फारसीतून आली, तिचे मूळ मात्र अरबी. तिथे सनद म्हणजे आधार, टेकू. ज्यावर विसंबावे ते. हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, कोणी कोणाकडून ऐकली, त्या सांगणाऱ्यांच्या साखळीलाही सनदच म्हणतात. आपल्याकडे मात्र तो शिक्कामोर्तबाचा कागद झाला : वतनाची सनद, इनामाची सनद. देणारा वर, घेणारा खाली. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले तेही सनदेनेच, वर्षाला १० पौंड भाड्याने. बेटावरच्या कोळी-भंडाऱ्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणून अमेरिकेतल्या सेंट लुईसची हकिकत मला फार मोलाची वाटते. मिसुरी राज्याच्या १८७५च्या घटनेने मोठ्या शहरांना आपली सनद आपणच लिहिण्याची मुभा दिली. सेंट लुईसमध्ये त्यासाठी १३ जण निवडून दिले गेले. त्यांनी केलेला मसुदा १८७६ मध्ये मतदारांपुढे गेला आणि त्यांच्या कौलाने लागू झाला. शहराचा कारभार कोणी, कसा करायचा, हे शहरानेच ठरवले. इथे सनदेला तिचा मूळ अर्थ परत मिळाला, कारण टेकू खालूनच द्यावा लागतो.

‘सनदशीर मार्ग’ हा शब्द आपण सहज वापरतो. पण मुंबईने स्वतः लिहिलेली सनद नाही : महापालिका चालते १८८८च्या अधिनियमावर, आणि तो बदलायचा अधिकार विधिमंडळाचा. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, तशा या अधिनियमाने ठरणाऱ्या महापौराच्या अधिकारांवरही मुंबईकरांकडून मागवायला हव्यात, असे मला ठामपणे वाटते.